हरकतीसाठी तीस दिवस

महाराष्ट्रात घर बांधायचं तर बहुतेक ठिकाणी आता एकच पुस्तक उघडावं लागतं. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू केली. आर्किटेक्ट आणि नगररचना खात्यातली मंडळी तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. ती कुठे लागू नाही याची यादी सुरुवातीलाच दिली आहे. बृहन्मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रं, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं ‘नैना’, जेएनपीटी, गिरिस्थान नगरपरिषदा, केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं अशी ती यादी जाते आणि तिच्या शेपटाला एक नाव येतं: लोणावळा नगरपरिषद.

मुंबईसारखं महानगर वगळलं हे समजू शकतं. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी ही गिरिस्थानं म्हणून एका शब्दात बाहेर ठेवली, तेही ठीक. पण २०११च्या जनगणनेत सुमारे ५७ हजार लोकसंख्या असलेल्या एका नगरपरिषदेचं नाव वेगळं लिहावं लागलं. यंदाच्या अंकाचा विषय ‘हद्द’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला पहिल्यांदा हीच यादी आठवली. मग लोणावळा ज्यात येतं त्या मावळ तालुक्यात हिंडायचं ठरवलं. इथे कुठली हद्द कुठे संपते, कोणत्या हद्दीत कोणाचा नियम चालतो, आणि त्या नियमापुढे इथे राहणाऱ्याला काय म्हणता येतं, एवढंच पाहायचं होतं.

एकाच रस्त्यावर दोन पुस्तकं

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तळेगावहून लोणावळ्याकडे निघा. तळेगाव दाभाडे नगरपरिषद १८६६ची, लोणावळा नगरपरिषद १८७७ची. दोन्ही ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या एकाच कायद्याखाली चालतात. पाणीपट्टी, कचरा, मालमत्ता कर, दुकानाचा परवाना ही कामं दोन्हीकडे सारखीच. बांधकामाच्या बाबतीत मात्र तळेगाव यूडीसीपीआरमध्ये आहे आणि लोणावळा नाही.

यात फरक काय पडतो? सगळा खेळ चटई क्षेत्र निर्देशांकाचा, म्हणजे बोलीभाषेतल्या एफएसआयचा. शंभर चौरस मीटरच्या भूखंडावर एकूण किती चौरस मीटर बांधता येईल, ते हा आकडा सांगतो. यूडीसीपीआरमध्ये मूळ एफएसआयवर पैसे भरून अधिमूल्याचा एफएसआय मिळतो, टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेता येतो, वर निवासी इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं. रस्ता रुंद असेल तर इमारत आणखी वर जाते. तळेगाव स्टेशनच्या बाजूला उभ्या राहिलेल्या उंच इमारती पाहिल्या की या तरतुदी कागदावरून जमिनीवर कशा उतरतात ते दिसतं.

लोणावळ्यात नगरपरिषदेच्या मंजूर विकास आराखड्यासोबतची स्वतःची नियमावली चालते. हे शहर समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, घाटमाथ्याच्या अगदी ओठावर बसलेलं आहे. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इमारतीच्या चहूबाजूंनी मोकळी सोडायची जागा, जिला नियमात ‘सामासिक अंतर’ म्हणतात, ती पुण्यात गाडी लावायला कामी येते. लोणावळ्यात जुलै महिन्यात तिच्यातून ओढा वाहतो. ती जागा फरशी घालून बंद केली की पाणी शेजाऱ्याच्या जोत्याला लागतं. म्हणून लोणावळा वेगळं ठेवलं हे मला पटतं. पण ‘आपल्याकडे ते नवे नियम नाहीत’ या वाक्याचा अर्थ काही लोकांनी ‘आपल्याकडे नियमच नाहीत’ असा सोयीने लावून घेतलाय. आणि उलट्या बाजूने, पुण्याहून आलेला सल्लागार ‘तिकडे चालतं’ म्हणून नकाशा काढून देतो आणि तो मंजुरीत अडकतो. लोणावळ्यात जागा असलेल्याने पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा नकाशा कोणत्या नियमावलीप्रमाणे काढलाय?

पाण्याखालची जमीन कोणाची

लोणावळ्याच्या बाहेर पडलं की गुंता वाढतो. भुशी धरण घ्या. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने ते बांधलं. इंजिनं गेली, धरण रेल्वेकडे राहिलं. धरणामागचा डोंगर आणि त्यावरून येणारे धबधबे वन खात्याकडे. तिथवर जाणाऱ्या रस्त्यावरची गर्दी पोलिसांची, कचरा नगरपरिषदेचा, आणि गर्दी हाताबाहेर जाईल असं वाटलं की मनाई आदेश काढायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा.

३० जून २०२४, रविवार. धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मग सगळी खाती एकदम जागी झाली. टपऱ्या हटल्या, पाट्या लागल्या, संध्याकाळनंतर बंदी आली. पुढच्याच वर्षी १५ जून २०२५, पुन्हा रविवार, तळेगावच्या पलीकडे कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पुन्हा पहिला प्रश्न तोच, पूल कोणाच्या ताब्यात?

मावळात जमिनीला इतके मालक आणि इतके राखणदार आहेत की नुसती नावं घेतानाही दमायला होतं. शहरांत दोन नगरपरिषदा. २०१८पासून वडगावला नगरपंचायत. गावांच्या बांधकाम परवानगीसाठी २०१५ साली स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. तळेगाव, नवलाख उंबरे या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या जमिनींवर एमआयडीसी. पवना धरणाच्या काठावर जलसंपदा. लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी. कार्ला, भाजे, बेडसे इथली लेणी आणि लोहगड, विसापूर हे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही, असं प्राचीन स्मारक कायद्याची २०१०ची दुरुस्ती सांगते. भाज्यासारख्या लेण्यांच्या पायथ्याच्या गावात वडिलोपार्जित घराची भिंत बांधून काढायची तर कागद थेट राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणापर्यंत जातो. जुलै २०२५मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. पर्यटक वाढतील, म्हणजे पायथ्याला खोल्या बांधायची घाईही वाढणार.

या जंजाळात सामान्य माणसाच्या हातात एक छोटं पण कामाचं कलम आहे. माहिती अधिकार कायद्याच्या ६(३) प्रमाणे चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज त्या कार्यालयाने पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. म्हणजे पूल जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा हे शोधून काढणं आपलं काम राहत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि विचारायचं: या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या. हे विचारायला पूल पडावा लागत नाही.

अकरा गुंठ्यांचं फार्महाऊस

कामशेतहून पवनेकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलक सुरू होतात. ‘डोंगरकुशीत स्वतःचं फार्महाऊस’, ‘लेक व्ह्यू’, ‘स्वतंत्र सातबारा’, ‘अकरा गुंठे फक्त’. फलकावरचा डोंगर खराच असतो. बाकीचं तपासून घ्यावं लागतं.

पहिली गोष्ट. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. बिगर शेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दुसरी गोष्ट. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा आहे, आणि ऑगस्ट २०२३पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, बागायतीचं १० गुंठे ठरलंय. डोंगरउतारावरची अकरा गुंठे जिरायत म्हणजे सरळ तुकडाच. तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. शेतघर बांधायला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे जमीन लागते. अकरा गुंठ्यांवर कायद्याने फार्महाऊस होतच नाही. जाहिरातीतला हा शब्द फक्त जाहिरातीपुरताच आहे.

मग विकतात कसं? एका गटात आठ-दहा खरेदीदार सामाईक खातेदार म्हणून चढवले जातात. सातबाऱ्यावर नाव येतं, त्यामुळे घेणारा खूश. प्रत्यक्षात कोणाचा तुकडा कुठला हे फक्त तारेच्या कुंपणाने ठरलेलं असतं. त्यातला एक जण बँकेत गेला किंवा विकायला निघाला की बाकीच्यांच्या सह्या लागतात आणि भांडण उभं राहतं. वडगावला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक काका मला म्हणाले, “ताई, लोक सातबारा बघतात, नकाशा कुणी बघत नाही. सातबारा मालक सांगतो. बांधायचं की नाही ते नकाशा सांगतो.”

तो नकाशा म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा. नगररचना कार्यालयात किंवा पीएमआरडीएकडे गट नंबर देऊन ठरलेलं शुल्क भरलं की ते मिळतात. दाखल्यावर एक ओळ असते: सदर गट नंबर निवासी विभागात, शेती विभागात, वनीकरण विभागात किंवा डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात समाविष्ट आहे. एक गट दोन विभागांत चिरलेलाही असतो. अर्धा पिवळा म्हणजे निवासी, अर्धा हिरवा म्हणजे शेती. विकणारा साहजिकच पिवळा अर्धा दाखवतो. भाग नकाशात शेजारून जाणारा प्रस्तावित रस्ताही दिसतो, आणि तो कधी कधी आपल्याच जागेतून जातो.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्याचाही असाच गैरसमज. घरपट्टी भरली, उतारा मिळाला, वीज आली, म्हणजे घर कायदेशीर झालं असं गावोगावी मानलं जातं. तो उतारा कराची नोंद आहे, बांधकाम परवाना नव्हे. नगरपरिषद हद्दीत तर परवान्याशिवायच्या बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. भूखंड पाडून विकणारा मोठा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. पवनेच्या रस्त्यावरच्या फलकांवर मी तो कोड शोधत होते. बहुतेक फलकांवर फोन नंबर मोठा होता.

उलट दिशेची अफवाही गावांत जोरात आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ला सहाव्यांदा काढला. सहा राज्यांतलं ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र त्यात आहे, महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर, आणि मावळातली काही गावंही. “आता घराला कौलं पण घालू देणार नाहीत,” असं आंदर मावळातल्या एका बाईंनी मला सांगितलं. मसुद्यात बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, लाल गटातले कारखाने, २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं आणि मोठ्या टाऊनशिप यांवर. राहत्या घराची दुरुस्ती आणि वाढ यांना मनाई नाही. ही अफवा कोणाच्या फायद्याची आहे हे सांगायला फार हुशारी लागत नाही. मसुदा मराठीत, गावच्या चावडीवर, कोणीतरी वाचून दाखवला असता तर तिला दोन दिवसांचंही आयुष्य लाभलं नसतं.

बंगल्याचं हॉटेल होतं तेव्हा

लोणावळ्यात जुन्या बंगल्यांच्या एका गल्लीत निवृत्त होऊन स्थायिक झालेल्या एका जोडप्याकडे बसले होते. शेजारचा बंगला आता शुक्रवार ते रविवार भाड्याने जातो. तरणतलाव, साउंड सिस्टीम, एका वेळी पंचवीस माणसं. आजोबा म्हणाले, “तक्रार केली की पोलीस येतात, आवाज कमी होतो, ते गेले की वाढतो.” आजींना जास्त चिंता पाण्याची. तलाव भरला की त्या दिवशी त्यांच्या नळाची धार बारीक होते.

अशा वेळी लोक फक्त आवाजाची तक्रार करतात, आणि तिथेच फसतात. आवाजाचा नियम २००० सालचा: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. त्यासाठी ११२ आहे, आणि ते करावंच. पण मूळ प्रश्न वापराचा आहे. ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारत बांधण्याबरोबरच इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही धरला आहे. म्हणजे एकही वीट न रचता, निवासी बंगल्याचं व्यावसायिक निवासस्थान केलं, तर तोही कायद्याच्या भाषेत ‘विकास’ ठरू शकतो आणि त्याला परवानगी लागते. ती नसेल तर नियोजन प्राधिकरणाने कलम ५३ची नोटीस काढायची असते. स्वतः राहत्या घरातल्या चार-दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्यांसाठी पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. पण त्यात मालकाने तिथे राहणं गृहीत आहे. मुंबईत बसून फोनवर बुकिंग घेणारा मालक त्या योजनेच्या आड लपू शकत नाही.

आजोबांनी नगरपरिषदेला लिहायचं ते असं: अमुक मालमत्तेचा मंजूर वापर निवासी आहे, प्रत्यक्ष वापर व्यावसायिक आहे, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मिळावी, वापर बदलाला परवानगी दिली असल्यास तिची प्रत मिळावी. हा कागद आवाजाच्या दहा तक्रारींना भारी आहे, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं. मला इथे लोणावळेकरांशीही थोडं भांडायचंय. या बंगल्यांवर कित्येक स्थानिक घरं चालतात: केअरटेकर, स्वयंपाकी, चालक, इस्त्रीवाले. त्यामुळे सगळे बंगले बंद करा म्हणणारे आणि काहीच बोलू नका म्हणणारे, असे दोन तट गावात पडलेत. नोंदणी करून, माणसांची मर्यादा घालून, व्यावसायिक दराने कर आणि पाणीपट्टी घेऊन मधला रस्ता निघतो. तो काढायला नगरपरिषदेचा ठराव लागतो आणि ठरावाला सभागृह लागतं. सभागृहाकडे पुढे येतेच.

साठ हजार हरकती

नियम आपल्यावर पडण्याआधी एकदा आपल्याला विचारलं जातं. तो क्षण बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

प्रारूप विकास आराखडा तयार झाला की याच नगररचना अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते. तिथून तीस दिवस कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. जमीन नसली तरी, भाड्याने राहत असलात तरी. मग नियोजन समिती सुनावणी घेते, बदल सुचवते, आराखडा शासनाकडे जातो. शासनाला मोठे, ज्यांना ‘सारभूत’ म्हणतात ते बदल करायचे असतील तर तेवढ्यापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा नकाशा या दोन खिडक्यांमधून जातो.

पीएमआरडीएने २०२१च्या जुलैअखेर पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. मावळातली गावं त्यात होती. कोविडच्या दुसऱ्या लाटेतून लोक नुकतेच सावरत होते. तरीही साठ हजारांहून जास्त हरकती आल्या. माझ्या शेतात रिंगरोड कशाला, गावाला मैदान ठेवलंच नाही, ओढा नकाशावरून गायब कसा, शेजाऱ्याचं पिवळं आणि माझं हिरवं का. सुनावण्या झाल्या, वर्षं गेली, न्यायालयात याचिका गेल्या. एप्रिल २०२५मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. आता या गावांना पुन्हा १९९७ सालची प्रादेशिक योजना लागू आहे. त्या वेळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही झालेला नव्हता. ज्यांच्या शेतातून रेघ गेली होती त्यांनी पेढे वाटले. ज्यांच्या गावाला पहिल्यांदाच शाळेची, दवाखान्याची जागा मिळणार होती, त्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही. त्या जागाही रेघेबरोबरच गेल्या.

हरकत लिहिण्याचीही एक रीत आहे. मोघम निषेधाला कोणी दाद देत नाही. गट नंबर, आराखड्यातला प्रस्ताव क्रमांक, भाग नकाशाची प्रत, जागेचा फोटो, आणि नेमकी मागणी: हा बारा मीटरचा रस्ता ओढ्याच्या पात्रातून दाखवला आहे, तो अमुक गटाच्या हद्दीने वळवावा. शेवटी ‘सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य, आणि पोहोच म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का. सुनावणीला दोन-चार मिनिटं मिळतात. तेव्हा भाषणाचा उपयोग नसतो, फोटोचा होतो.

मोठ्या आराखड्यापेक्षा छोट्या फेरबदलांवर लक्ष ठेवणं जास्त अवघड. मंजूर आराखड्यात एखाद्या जागेचा झोन बदलायचा असेल तर कलम ३७ खाली फेरबदल करतात आणि प्रादेशिक योजनेत कलम २० खाली. त्याचीही जाहिरात येते, एक महिन्याची मुदत असते. पण ती जाहिरात ‘हरवले आहे’ आणि ‘नावात बदल’ यांच्या शेजारी मुंगीच्या अक्षरात छापलेली असते. नगरपरिषद हद्दीत झाड तोडायच्या सूचनेला तर सातच दिवस. तळेगावातल्या एका वाचनालयात दोन ज्येष्ठ वाचक रोज अशा जाहिराती कापून वहीत चिकटवतात. मला हे मावळातलं सगळ्यात उपयोगी नागरिक-काम वाटलं. प्रत्येक प्रभागात अशी एक वही असायला हरकत नाही.

जमीनमालकालाही हक्क आहे. त्याच्या जागेवर बाग किंवा शाळेचं आरक्षण पडलं, आणि दहा वर्षांत ती घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. या कलमाने शेतकऱ्याला न्याय मिळतो आणि गावाचं मैदान जातं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. दोष द्यायचा तर दहा वर्षं हातावर हात ठेवून बसणाऱ्या प्राधिकरणाला द्यावा.

आणि जिथे विचारणाच होत नाही, तिथे काय होतं ते मावळाने पाहिलंय. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंदिस्त जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ला शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा जीव गेला.

नदी खाली जाते

लोणावळ्याजवळ कुरवंड्याकडे उगम पावणारी इंद्रायणी वडगाव, तळेगाव करत देहू-आळंदीला जाते. वाटेत चिखलीला, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत ३६ बंगले बांधले गेले होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकाम चालत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला आणि १७ मे २०२५ला ते ३६ बंगले पाडले. घेणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती, खरेदीखतं नोंदवली होती. नोंदणी कार्यालय मुद्रांक शुल्क घेतं, पूररेषा तपासत नाही.

मावळात नदीकाठी आज ‘रिव्हर टच’ म्हणून जे विकलं जातंय, त्यासाठी चिखलीइतका स्पष्ट इशारा दुसरा नाही. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडे मागता येतो. टोकन देण्याआधी मागावा.

सभागृह रिकामं असताना

डिसेंबर २०१६मध्ये निवडून आलेल्या लोणावळा नगरपरिषदेची मुदत २०२२च्या सुरुवातीला संपली. तेव्हापासून पुढची निवडणूक होईपर्यंत प्रशासक होता. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची हीच गत होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ला निवडणुका घ्यायला सांगितलं आणि सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली. दरम्यानच्या काळात स्थायी समितीही प्रशासक, सर्वसाधारण सभाही प्रशासक. विषयपत्रिका काढणारा, ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. प्रशासक चांगला असो वा वाईट, त्याच्यापुढे ‘माझ्या वॉर्डात हे नको’ म्हणणारं कोणी नसतं. दर चार वर्षांनी होणारी मालमत्ता कराची चतुर्थ वार्षिक आकारणीही अशा काळात आली की लोकांना नोटिशीवर स्वतःच हरकत घ्यावी लागते. नगरसेवकाच्या घरी जाऊन सांगायची सोय राहत नाही.

वडगावची कथा थोडी वेगळी. ग्रामपंचायत होती तोवर वर्षातून किमान चार ग्रामसभा होत. कोणीही मतदार उठून हिशेब विचारू शकत असे. नगरपंचायत झाल्यावर निधी वाढला, ग्रामसभा गेली. शहरात तिची जागा घ्यायला क्षेत्रसभा आहे: काही मतदान केंद्रांचे मतदार मिळून एक क्षेत्र, नगरसेवक अध्यक्ष. २००९ साली राज्याच्या कायद्यात ही तरतूद आली. आपल्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेलेत? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता.

सभागृह असो नसो, दोन दारं उघडी असतात. नगरपरिषदेचा एखादा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी स्थगित करू शकतात, आणि त्यांच्याकडे तसा अर्ज कोणीही करू शकतं. आणि २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने झोन दाखला, नळजोडणी, थकबाकी नसल्याचा दाखला अशा अधिसूचित सेवांना मुदत घालून दिलीय. मुदत चुकली तर दोन अपिलं, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दंडाची रक्कम किरकोळ आहे. पण अर्जावर ‘लोकसेवा हक्क अधिनियमाखाली’ एवढं लिहिलं की टेबलावरची फाइल हलते, असं वडगावच्या त्या अर्जवाल्या काकांचं मत पडलं, आणि त्यांनी आयुष्यभर फायलीच पाहिल्यात.

निवडणूक आली की लोणावळा, तळेगाव, वडगावात उमेदवार दारोदार फिरायला लागतील. रस्ता, पाणी, दिवे यांचं ते स्वतःहून बोलतील. त्यांना दोन गोष्टी विचारा: निवडून आल्यावर क्षेत्रसभा घेणार का, आणि झोन बदलाच्या प्रत्येक जाहिरातीची प्रत प्रभागातल्या फलकावर लावणार का. उत्तर लेखी मागा, खाली सही घ्या, आणि तो कागद जपून ठेवा.